प्लग एकाचा, भाषा दुसऱ्याची

इतिहासाच्या आपल्या या सदरात आज एका प्लगची गोष्ट ऐकूया. विजेवर चालणाऱ्या गाडीला चार्ज करताना जो प्लग लावतात, तो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी गाडी आली असेल, काहीजण सेकंडहँड घ्यावी का या विचारात असतील. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना, म्हणजे घरी चार्जर बसवायची सोय नसलेल्यांना, ही गोष्ट जरा जास्तच लागू पडते. कारण त्यांची गाडी सर्वस्वी बाहेरच्या स्टेशनवर अवलंबून असते, आणि तिथे पोहोचल्यावर आपला प्लग बसत नाही असं कळलं, तर काय करायचं?

सुरुवात कॅलिफोर्नियातून करूया. १९९० साली तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाने मोठ्या मोटार कंपन्यांना सांगितलं, की १९९८ पासून तुमच्या विक्रीतल्या निदान दोन टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या हव्यात. पुढे हा नियम सैल करण्यात आला, पण तोपर्यंत कंपन्या कामाला लागल्या होत्या. १९९६ मध्ये जनरल मोटर्सने 'ईव्ही-वन' ही गाडी रस्त्यावर आणली. ती विकत मिळत नसे, फक्त भाडेकराराने मिळे. तिला चार्ज करायला प्लग नव्हता, तर टेबलटेनिसच्या बॅटसारखं एक प्लास्टिकचं पॅडल होतं. ते गाडीच्या तोंडाकडच्या खाचेत सरकवायचं. आत धातूला धातू लागत नसे. ट्रान्सफॉर्मरचा अर्धा भाग पॅडलमध्ये आणि अर्धा गाडीत, अशी रचना. धो धो पावसातही शॉक बसायची भीती नाही. कल्पना खरोखर चांगली होती.

पण त्याच काळात फोर्डचा रेंजर हा विजेवरचा पिकअप आणि होंडाची ईव्ही प्लस या गाड्या वेगळ्या प्लगवर चालत. त्यात धातूचे संपर्क होते, नेहमीच्या विजेच्या प्लगसारखे. त्यामुळे सार्वजनिक जागी दोन्ही प्रकारचे चार्जर लावावे लागले. अखेर २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बोर्डाने धातूच्या संपर्काची पद्धत निवडली, आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने पॅडलला रामराम ठोकला. ज्यांच्या गाड्या पॅडलवर चालत होत्या, त्यांना नवीन चार्जर मिळेना. आपल्या ओळखीच्या कॉस्टकोच्या काही पार्किंगमध्ये त्या काळातले चार्जर बरीच वर्षं उभे होते. २०११ मध्ये कॉस्टकोने ते काढायला घेतले. नव्या पिढीच्या गाड्या बाजारात येऊ लागल्या होत्या, तेव्हाच.

आता ती नवी पिढी. जानेवारी २०१० मध्ये एसएई, म्हणजे मोटार इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेने, पाच पिनांच्या गोल प्लगला मान्यता दिली. त्याचं नाव जे-१७७२. या पाच पिनांपैकी दोन विजेच्या, एक अर्थिंगची, एक प्लग नीट बसला आहे की नाही हे सांगणारी, आणि पाचवी बोलण्याची. हो, बोलण्याची! त्या पिनेतून सेकंदाला हजार ठोके जातात आणि प्रत्येक ठोका किती लांब आहे यावरून गाडीला कळतं, की इथून जास्तीत जास्त किती करंट घेता येईल. ही बोलण्याची पिन लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते.

जे-१७७२ मुळे घरचं आणि ऑफिसमधलं सावकाश चार्जिंग सगळ्यांसाठी सारखं झालं. एकटी टेस्ला वेगळी राहिली, आणि तीही गाडीबरोबर ॲडॅप्टर देत असे. पण हमरस्त्यावर अर्ध्या तासात बॅटरी भरायची तर एसी वीज पुरत नाही. एसी वीज गाडीतल्या छोट्या चार्जरमधून डीसी होऊन बॅटरीत जाते, आणि तो छोटा चार्जर हीच अडचण. त्याला वळसा घालून डीसी वीज थेट बॅटरीला द्यायची, तर मोठा प्लग हवा. इथे तीन वाटा फुटल्या.

पहिली वाट जपानची. टोकियोच्या वीज कंपनीच्या पुढाकाराने २०१० मध्ये 'चाडेमो' नावाची संघटना उभी राहिली. हे नाव जपानीतल्या 'चहा घेता का?' अशा अर्थाच्या वाक्याशी जुळतं. चहा होईपर्यंत गाडी चार्ज, असा त्यातला विनोद. त्याच वर्षाच्या शेवटी निसान लीफ अमेरिकेत आली, तिला चाडेमोचं सॉकेट घेता येत असे.

दुसरी वाट जर्मन आणि अमेरिकन कंपन्यांची. २०१२ मध्ये बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन, डाइम्लर, फोर्ड, जनरल मोटर्स वगैरे आठ नावांनी मिळून सीसीएस पुढे आणलं. त्यांनी जे-१७७२ तसाच ठेवला आणि त्याच्या खाली दोन जाड पिना जोडल्या. प्लग जड झाला, पण सावकाश आणि जलद चार्जिंगला सॉकेट एकच राहिलं.

तिसरी वाट टेस्लाची. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात पहिली सहा सुपरचार्जर स्टेशनं सुरू केली. प्लग लहान, हलका, आणि एसी-डीसी दोन्ही त्याच दोन पिनांतून. गाडीही त्यांचीच आणि स्टेशनही त्यांचंच. त्यामुळे कार्ड नको, ॲप उघडायला नको. प्लग लावला की गाडी ओळखली जाते आणि पैसे आपोआप कापले जातात. त्या काळात अट एकच होती, गाडी टेस्लाची हवी.

युरोपात याचा निकाल कायद्याने लागला. २०१४ मध्ये युरोपियन युनियनने निर्देश काढला, की सार्वजनिक स्टेशनवर युरोपचा ठरलेला प्लग असलाच पाहिजे. पुढे २०१९ मध्ये टेस्लाने मॉडेल थ्री युरोपात नेली, ती युरोपच्या सीसीएस सॉकेटसह. चीननेही आपलं राष्ट्रीय मानक ठरवून टाकलं. अमेरिकेने मात्र हा प्रश्न बराच काळ बाजारावर सोडला, आणि बाजाराने तो दहा वर्षं लोंबकळत ठेवला.

या दहा वर्षांत कागदावर सीसीएसचं पारडं जड होतं. फोक्सवॅगनच्या डिझेल घोटाळ्याच्या तडजोडीत कंपनीला दहा वर्षांत दोन अब्ज डॉलर या कामावर खर्च करणं भाग पडलं, आणि त्यातून इलेक्ट्रिफाय अमेरिका हे जाळं उभं राहिलं. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने आणखी पाच अब्ज डॉलर ठेवले. फेब्रुवारी २०२३ च्या नियमात अट होती, की या पैशातून बसवलेल्या प्रत्येक जलद चार्जरला सीसीएस हवंच, आणि तो ९७ टक्के वेळ चालू हवा.

ही ९७ टक्क्यांची अट कशासाठी? त्याचं उत्तर २०२२ मध्ये बे एरियात झालेल्या एका पाहणीत मिळतं. बर्कलीच्या विद्यापीठातल्या संशोधकाचा त्यात सहभाग होता. १८१ सार्वजनिक स्टेशनांवरचे ६५७ सीसीएस प्लग प्रत्यक्ष जाऊन तपासले गेले. चालू निघाले ७२.५ टक्के. कुठे स्क्रीन बंद, कुठे कार्ड घेतलं जाईना, कुठे प्लगच तुटलेला. आणि जवळजवळ पाच टक्के ठिकाणी केबल इतकी आखूड, की गाडीच्या सॉकेटपर्यंत पोहोचेना! मुलं मागे बसलेली, बॅटरी आठ टक्क्यांवर, आणि चारातला एक चार्जर बंद. अशा वेळी प्लगचा आकार कुणाचा चांगला, याला काय अर्थ?

टेस्लाची स्टेशनं मात्र एकंदरीत चालत होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेस्लाने आपल्या प्लगचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला आणि त्याला 'नॉर्थ अमेरिकन चार्जिंग स्टँडर्ड', म्हणजे 'नॅक्स', असं नाव दिलं. कुणी लगेच हललं नाही. मग २०२३ च्या मे महिन्यात फोर्डने जाहीर केलं, की आम्ही हा प्लग घेणार. दोन आठवड्यांत जनरल मोटर्स आली. जून संपायच्या आत एसएईने मानक करायची घोषणा केली, डिसेंबरमध्ये जे-३४०० या नावाने ते कागदावर उतरलं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत अमेरिकेत विकणाऱ्या जवळजवळ सगळ्या मोठ्या कंपन्या रांगेत होत्या. दहा वर्षांचं भिजत घोंगडं नऊ महिन्यांत सुकलं.

म्हणजे टेस्ला जिंकली आणि सीसीएस हरलं? वर्तमानपत्रांचे मथळे तसेच होते. पण आपण मघाशी लक्षात ठेवलेली ती बोलण्याची पिन आठवा. जलद चार्जिंगमध्ये गाडी आणि स्टेशन सतत बोलत असतात. गाडी सांगते, 'मला इतके व्होल्ट, इतके अँपियर दे, आता कमी कर, आता थांब.' टेस्लाची जुनी भाषा वेगळी होती आणि सीसीएसची वेगळी. फोर्ड किंवा ह्युंडाई आज सुपरचार्जरवर उभी राहते, तेव्हा ती सीसीएसच्याच भाषेत बोलते. प्लग टेस्लाचा, भाषा सीसीएसची. २०२३ चा तह असा झाला आहे, आणि कुठला ॲडॅप्टर चालतो, कुठला चालत नाही, हे सगळं या तहावर अवलंबून आहे.

हे समजायला आपल्याइतकं सोयीचं कुणीच नाही. भारतातून आणलेला मिक्सर आठवा. इथल्या दुकानातून आणलेल्या छोट्या ॲडॅप्टरने आपला तीन पिनांचा प्लग इथल्या भिंतीत बसतो. पण भिंतीत १२० व्होल्ट आणि मिक्सरला हवेत २३०. मिक्सर कण्हत फिरतो आणि चटणी वाटली जात नाही. त्याला ट्रान्सफॉर्मरचं जड खोकं लागतं. पिना जुळणं वेगळं आणि वीज जुळणं वेगळं, हे आपण पहिल्याच महिन्यात शिकलो.

गाडीचंही तसंच. सीसीएस गाडीला सुपरचार्जरवर लावायचा ॲडॅप्टर आत जवळजवळ रिकामा असतो, कारण दोन्ही टोकांना भाषा एकच. पण सुपरचार्जर २०१९ नंतरच्या पिढीचा हवा. त्याआधीच्या स्टेशनला सीसीएस कळत नाही, तिथे कितीही महागडा ॲडॅप्टर लावा, उपयोग नाही. उलट बाजूने, काही जुन्या टेस्ला गाड्यांनाही सीसीएस कळत नाही, त्यांच्यात आधी एक भाग बदलून घ्यावा लागतो. भाषा जुळली तरी व्होल्टेज राहतंच. ह्युंडाई आयोनिक फाइव्हसारख्या गाड्यांची बॅटरी आठशे व्होल्टच्या घरातली. बहुतेक सुपरचार्जर पाचशेच्या वर जात नाहीत. गाडी चार्ज होते, पण तिच्या ऐन वेगाने नाही.

आणि चाडेमो? त्याची भाषा अगदीच निराळी. त्यामुळे सीसीएसवरून लीफ चार्ज करणाऱ्या ॲडॅप्टरमध्ये दुभाषा लागतो, म्हणजे स्वतःचा छोटा संगणक. असे ॲडॅप्टर अलीकडे निघाले आहेत, पण ते महाग आहेत. २०२२ पासून इलेक्ट्रिफाय अमेरिकाने कॅलिफोर्नियाबाहेरच्या नव्या स्टेशनांवर चाडेमो बसवणं थांबवलं. निसाननेही २०२६ ची नवी लीफ नॅक्स सॉकेटसह आणली. जुनी लीफ आज स्वस्तात मिळते, त्याचं हेही एक कारण. घरी चार्जर असेल आणि गाडी गावातल्या गावात फिरवायची असेल, तर ती अजूनही चांगला सौदा ठरू शकते. अपार्टमेंटमध्ये राहत असाल, तर दहादा विचार करा. ईव्ही-वनच्या पॅडलवाल्यांचं जे झालं, तेच आता चाडेमोवाल्यांच्या वाट्याला येतंय.

भारतही या वाटेने गेला, पण लवकर सावरला. २०१७ मध्ये सरकारने 'भारत डीसी-००१' नावाचा चार्जर ठरवला, चिनी प्लगच्या धर्तीवर, १५ किलोवॅटचा. मग २०२० च्या जानेवारीत पुण्याजवळच्या रांजणगावात बनणारी टाटा नेक्सॉन ईव्ही आली, ती युरोपच्या सीसीएस सॉकेटसह. पुढच्या बहुतेक चारचाकी त्याच वाटेने गेल्या. म्हणून पुण्यातल्या भावाने 'तुझ्याकडचा ॲडॅप्टर पाठव' म्हटलं, तर पाठवू नका. सीसीएस हे नाव एकच असलं, तरी तिथला प्लग युरोपच्या आकाराचा आहे.

तेव्हा श्रोतेहो, ॲडॅप्टर घ्यायच्या आधी तीन प्रश्न विचारा. हा एसीचा की डीसीचा? दिसायला ते भावंडंच, पण सावकाश चार्जिंगचा ॲडॅप्टर जलद चार्जरवर लावणं धोक्याचं आहे. माझ्या गाडीच्या कंपनीला हा मान्य आहे का? आणि यावर यूएल २२५२ या मानकाचा शिक्का आहे का? ते मानक अशाच ॲडॅप्टरांसाठी आहे. लांबच्या प्रवासाला निघताना वाटेतला सुपरचार्जर तुमच्या गाडीसाठी खुला आहे की नाही, हे ॲपमध्ये आधीच पाहून ठेवा. आणि त्याच्या पुढचं आणखी एक स्टेशनही हेरून ठेवा.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्याकडे जुनी लीफ असेल आणि तिच्यासाठी तुम्ही काही मार्ग काढला असेल, तर आम्हाला जरूर कळवा. इतर श्रोत्यांना त्याचा उपयोग होईल. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.