ई-पुस्तकातील स्क्रिप्ट आणि मराठी पाठ्यपुस्तक : शिरूर-दौंडच्या संदर्भात

छापील पुस्तक विद्यार्थ्याचे उत्तर तपासू शकत नाही; ई-पुस्तकात अंतर्भूत केलेली स्क्रिप्ट, म्हणजेच छोटी आज्ञावली, ते करू शकते. 2007 च्या ईपब 2 मानकाने मात्र अशा वापराला उत्तेजन दिले नव्हते. ऑक्टोबर 2011 मधील ईपब 3 ने स्क्रिप्टला मान्यता दिली, परंतु वाचनयंत्रांवर तिची सक्ती केली नाही. परिणामी एका यंत्रावर चालणारा स्वाध्याय दुसऱ्यावर निष्क्रिय ठरतो. डिसेंबर 2016 मध्ये किंडलवर मराठी पुस्तके आली. त्यांतही लेखकाची जावास्क्रिप्ट चालत नाही.

शालेय पुस्तकांनी निराळा मार्ग स्वीकारला. 2017 साली ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले; पुढे बालभारतीच्या छापील पुस्तकांवर त्याचे क्यूआर कोड आले. शिरूर व दौंड तालुक्यांतील मराठी माध्यमाच्या शाळांत हीच पुस्तके वापरली जातात. या व्यवस्थेत सराव प्रश्न व चित्रफिती पुस्तकाबाहेर राहतात. स्वतंत्र वाचनयंत्राची गरज उरत नाही. मात्र स्मार्टफोन व इंटरनेट लागते. ज्या घरी ते नाही, तेथील विद्यार्थ्यास त्या कोडचा उपयोग नाही. स्क्रिप्ट बंद असली तरी मजकूर वाचता आला पाहिजे, हा ईपबचा दंडक येथेही लागू पडतो. पाठाचा गाभा छापील पानावरच पूर्ण असावा, हाच या वाटचालीचा निष्कर्ष होय.