मूत्रपिंडविज्ञानाची नियतकालिके आणि त्यांच्या प्रभावाचे मोजमाप

वैद्यकीय नियतकालिकाचे महत्त्व त्यातील लेखांचा इतर संशोधक किती वेळा संदर्भ देतात यावरून मोजण्याची पद्धत आज सर्वत्र रूढ असली, तरी तिचा उगम ग्रंथालयांच्या खरेदीच्या प्रश्नात आहे. महाविद्यालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्यासाठी 1927 मध्ये ग्रॉस आणि ग्रॉस यांनी असे संदर्भ मोजले. पुढे 1955 मध्ये यूजीन गारफील्ड यांनी विज्ञानासाठी संदर्भसूचीची योजना मांडली, आणि 1975 पासून त्यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेचे ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ देणारे अहवाल निघू लागले. नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतील मजकुराला चालू वर्षी मिळालेल्या संदर्भांना, त्या दोन वर्षांतील संशोधनपर व आढावा लेखांच्या संख्येने भागले की हा आकडा मिळतो.

मूत्रपिंडविज्ञान ही स्वतंत्र शाखा म्हणून याच काळात आकाराला येत होती. 1960 मध्ये तिची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, 1964 मध्ये ‘नेफ्रॉन’ हे नियतकालिक निघाले आणि 1972 मध्ये त्या संघटनेचे ‘किडनी इंटरनॅशनल’.

‘नेफ्रॉन’मध्ये 1976 साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी 249 रुग्णांच्या नोंदींवरून एक सूत्र मांडले. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंत तयार होऊन मूत्रावाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ, मूत्रपिंडे किती वेगाने गाळतात याचा अंदाज त्यामुळे चोवीस तासांचे मूत्र गोळा न करताही बांधता येऊ लागला: 140 मधून वय वजा करावे, त्याला किलोग्रॅममधील वजनाने गुणावे आणि रक्तातील क्रिएटिनिनच्या 72 पटीने भागावे, स्त्रियांसाठी उत्तर 15 टक्क्यांनी कमी धरावे. औषधांची मात्रा ठरवताना डॉक्टर पुढे कित्येक दशके हे सूत्र वापरत राहिले; परंतु दोन वर्षांच्या मर्यादेमुळे 1978 नंतर त्याला मिळालेला एकही संदर्भ ‘नेफ्रॉन’च्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये धरला गेला नाही.

जुनाट मूत्रपिंडविकार वर्षानुवर्षे बळावत जातो आणि उपचारांचा परिणामही सावकाश दिसतो, त्यामुळे या शाखेत ही मर्यादा विशेष जाचक ठरते. शिवाय संपादकीये व पत्रे भाजकात धरली जात नाहीत, पण त्यांना मिळालेले संदर्भ भाज्यात येतात. या आकड्यावरून व्यक्तींचे मूल्यमापन करू नये, असा इशारा खुद्द गारफील्ड यांनी दिला होता, आणि 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या जाहीरनाम्यानेही तीच भूमिका घेतली. नियतकालिक निवडण्यासाठी हे माप उपयोगी आहे. संशोधकाची नेमणूक किंवा बढती त्यावर ठरवणे मात्र गैर आहे.