दोन चांदूर आणि उमेदवारीचा प्रश्न

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन तालुक्याची गावे आहेत. एक मुंबई–नागपूर लोहमार्गावरील चांदूर रेल्वे, आणि दुसरे अचलपूर व मोर्शी यांच्या दरम्यान, संत्र्याच्या पट्ट्यातील चांदूर बाजार. २००८ च्या पुनर्रचनेनंतर पहिले गाव धामणगाव रेल्वे या विधानसभाक्षेत्राद्वारे वर्धा लोकसभा मतदारसंघात मोडते, तर दुसरे अचलपूर क्षेत्राद्वारे अमरावती मतदारसंघात. एरवी केवळ महसुली कुतूहलाचा विषय ठरावी अशी ही सीमारेषा. परंतु २०१४ साली तिला काही आठवडे निराळाच अर्थ प्राप्त झाला. राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेस पक्षाने देशातील मोजक्या मतदारसंघांत उमेदवाराची निवड अंतर्गत मतदानाने करण्याचा प्रयोग केला, आणि महाराष्ट्रात त्यासाठी वर्धा व लातूर ही क्षेत्रे ठरली. एका चांदूरच्या पक्षपदाधिकाऱ्याला आपला उमेदवार कोण असावा यावर मत देता आले. दुसऱ्या चांदूरच्या पदाधिकाऱ्याला ते नाव दिल्लीहून कळावयाचे होते.

वृत्तपत्रांनी या प्रयोगाला अमेरिकेतील ‘प्रायमरी’चे नाव दिले. हे साम्य वरवरचे होते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९०४ साली उमेदवारनिवड पक्षनेत्यांच्या हातून काढून कायद्याने सामान्य मतदारांकडे सोपविली. तेथील ‘खुल्या’ पद्धतीत मतदाराला आपला पक्ष जाहीर करण्याचीही आवश्यकता नसते. कॅलिफोर्नियाने २०१० साली याहून पुढे जाऊन सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर आणले व पहिल्या दोघांनाच अंतिम लढतीत प्रवेश दिला. वर्ध्यात मताधिकार होता तो पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना व प्रतिनिधींना. चांदूर रेल्वेचा शेतकरी, शिक्षक वा हमाल यांपैकी जो पक्षाचा पदाधिकारी नव्हता, त्याच्या दृष्टीने दार पूर्वीइतकेच बंद होते. तत्कालीन खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे या मतदानात विजयी झाले आणि प्रत्यक्ष निवडणुकीत भारतीय जनता पक्षाचे रामदास तडस यांच्याकडून दोन लाखांहून अधिक मतांनी पराभूत झाले. त्याच वर्षी मेघे पितापुत्र भारतीय जनता पक्षात गेले. बंदिस्त मतदारयादीतून घराण्याचाच उमेदवार बाहेर यावा यात आश्चर्य करण्यासारखे काही नव्हते.

उमेदवार कोणी ठरवावा हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. १९१९ च्या कायद्यान्वये मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या कायदेमंडळात वऱ्हाडातून निवडून येणारे सभासद तांत्रिकदृष्ट्या ‘नियुक्त’ मानले जात. कारण वऱ्हाडावरील सार्वभौमत्व नावापुरते निजामाचे होते. निवडावे मतदाराने आणि नेमावे सरकारने, अशी ही चमत्कारिक व्यवस्था होती. मतदारही थोडे, करभरणा करणारे. १९२५ मध्ये अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी प्रांतिक कार्यकारी मंडळातील पद स्वीकारले, त्यावरून स्वराज्य पक्षात फूट पडली, आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यास प्रतियोगी सहकारितेच्या पक्षाची स्थापना झाली. त्या वर्षीच्या निवडणुकीत वऱ्हाडी मतदारापुढे टिळकांचा वारसा सांगणारे दोन्ही बाजूंचे उमेदवार उभे राहिले. परका कोण हे ओळखणे सोपे असते. आपल्यांतून निवड करणे हेच कठीण, आणि ते काम त्या वेळी मतदाराकडे प्रत्यक्ष आले होते.

१९३० चा प्रसंग याहून बोलका आहे. कायदेभंगाच्या चळवळीमुळे काँग्रेसने कायदेमंडळावर बहिष्कार टाकला होता. अशा वेळी पापळ येथील शेतकरी कुटुंबातले, ऑक्सफर्डहून परतलेले, अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात १९२७ मध्ये पुढे असलेले पंजाबराव देशमुख निवडून आले आणि मंत्री झाले. तिकीट देणारी प्रबळ समितीच मैदानात नसताना बहुजन समाजाचे नेतृत्व पुढे यावे, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. स्वातंत्र्यानंतर तेच पंजाबराव काँग्रेसचे उमेदवार म्हणून १९५२, १९५७ व १९६२ मध्ये अमरावती जिल्ह्यातून लोकसभेवर गेले. त्या काळात काँग्रेसची उमेदवारी हीच बहुधा खरी निवडणूक होती, आणि ती चांदूर बाजारच्या बाजारपेठेत होत नव्हती. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने नामनिर्देशनपत्राचे सोपस्कार बारकाईने ठरविले. पक्षाने उमेदवार कसा निवडावा याविषयी मात्र मौन पाळले. त्या मौनाची जागा पुढे ‘ए-बी फॉर्म’ने घेतली. तो ज्याच्या हाती, उमेदवारी त्याची.

तरीही अमरावतीच्या पुरोगामी मतदाराने हे बंधन काही वेळा झुगारले. १९८९ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे, अचलपूरचे सुदामकाका देशमुख येथून लोकसभेवर निवडून आले. १९९८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे रा. सू. गवई काँग्रेसच्या पाठिंब्याने अमरावतीतून व प्रकाश आंबेडकर अकोल्यातून विजयी झाले. पहिला निर्णय मतदारांनी पक्षश्रेष्ठींना डावलून घेतला, दुसरा श्रेष्ठींच्या समझोत्यावर शिक्का मारून. दोन्ही टिकले नाहीत: १९९१ मध्ये जागा काँग्रेसच्या प्रतिभा पाटील यांच्याकडे आणि १९९९ मध्ये शिवसेनेचे अनंत गुढे यांच्याकडे गेली.

खरी कसोटी लागली ती २०१९ व २०२४ मध्ये. २०१९ मध्ये काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांनी अपक्ष नवनीत राणा यांना पाठिंबा दिला. मतदारांनी त्यांना निवडून दिले. पुढे त्या भारतीय जनता पक्षाच्या उमेदवार झाल्या. २०१९ मध्ये ज्याने पुरोगामी आघाडीचा उमेदवार म्हणून मत दिले, त्याने उमेदवाराची पारख केली नव्हती; आघाडीने केलेली पारख उसनी घेतली होती, आणि ती उसनवारी त्याला महाग पडली. २०२४ मध्ये राणा यांच्याविरुद्ध काँग्रेसचे बळवंत वानखडे, प्रहारचे दिनेश बूब व रिपब्लिकन सेनेचे आनंदराज आंबेडकर उभे होते. प्रहारचे संस्थापक बच्चू कडू हे चांदूर बाजार तालुक्यातील बेलोऱ्याचे. अचलपूरचे तेव्हाचे आमदार. त्यामुळे या तालुक्यातील मतदाराला एकाच मताने दोन प्रश्नांची उत्तरे द्यावयाची होती: आपल्या विचाराचा व आपल्या माणसांचा उमेदवार कोण, आणि नको असलेल्याला रोखू शकेल असा कोण. दोन फेऱ्यांच्या पद्धतीत हे प्रश्न वेगळे विचारले जातात. येथे ते २६ एप्रिल रोजी एकाच बटणात सामावले होते. वानखडे १९,७३१ मतांनी विजयी झाले. बूब यांची मते या अंतराहून कितीतरी अधिक होती.

म्हणून खुली प्राथमिक निवडणूक हे सर्व दुखण्यांवरचे औषध आहे असे मात्र नाही. कॅलिफोर्नियाच्या एकतिसाव्या मतदारसंघात २०१२ मध्ये, तेथील कल डेमोक्रॅटिक असूनही, चार डेमोक्रॅट उमेदवारांत मते विभागली आणि अंतिम लढतीत दोन्ही जागा रिपब्लिकनांनी घेतल्या. मतविभागणीचे संकट तेथे नाहीसे झाले नाही. ते केवळ एक फेरी अलीकडे सरकले.

वर्ध्याचा प्रयोग काँग्रेसने तेथे पुन्हा केला नाही. २०२४ मध्ये जागावाटपात तो मतदारसंघच शरद पवार यांच्या पक्षाकडे गेला. आर्वीचे काँग्रेसचे माजी आमदार अमर काळे यांनी त्या पक्षात प्रवेश करून उमेदवारी घेतली व तडस यांचा पराभव केला. दहा वर्षांपूर्वी उमेदवार निवडण्यासाठी मत दिलेल्या चांदूर रेल्वेच्या काँग्रेस पदाधिकाऱ्यांना या वेळी मतदानयंत्रावर पंजा हे चिन्हच नव्हते.