सांडवा आणि पूर

मराठीत पाण्याच्या आधिक्याला एकच शब्द नाही. दूध उतू जाते, आनंद ओसंडतो, नदीला पूर येतो, आणि तळे भरले की सांडव्यावरून पाणी वाहू लागते. 'पूर' हा भरण्याच्या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आलेला शब्द. पात्र भरल्यानंतरचा अनर्थ त्याला रूढीने चिकटला. 'सांडवा' मात्र 'सांडणे' या क्रियापदातून घडला. संतवाङ्मयात सांडणे म्हणजे टाकणे, त्याग करणे. व्रतकथांनी उतण्याला मातण्याच्या पंक्तीस बसविले. सांडण्यावर असा ठपका नाही. अधिकाचे पाणी सोडून देण्यासाठी तळ्याने नेमलेली वाट, तो सांडवा.

या भेदाचे मर्म बेंगळुरूत उमगते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या या शहराला मोठी नदी नाही. पश्चिमेचे पाणी वृषभावतीतून अर्कावतीकडे व पुढे कावेरीला जाते, पूर्वेचे दक्षिण पिनाकिनीला. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी हे ठाणे घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबाराचे बहुभाषिक चित्र जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त आहे, वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. मराठी येथे आली तेव्हा हे गाव तळ्यांच्या साखळीवर जगत होते. वरच्या तळ्याचा सांडवा हीच खालच्या तळ्याची आवक असे.

कन्नडमध्ये सांडव्याला 'कोडी' म्हणतात. तळे भरून 'कोडी पडली' की त्याला बागिन, म्हणजे सुपातले वाण, अर्पण करण्याची प्रथा आहे. ओसंडणे ही तेथे मंगल वार्ता ठरते. उलट 'प्रवाह' हा समान संस्कृत शब्द कन्नडमध्ये पुराच्या अर्थी रुळला. मराठीत तो निव्वळ वाहणे सुचवितो. एकाच शब्दाने एका भाषेत धसका घ्यावा आणि शेजारच्या भाषेत शांत राहावे, हे अर्थेतिहासाचे बोलके उदाहरण होय.

पुढे तळी बुजली. धर्मांबुधीच्या जागी बसस्थानक आले, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण. तळ्यांना जोडणारे राजकालुवे, म्हणजे मुख्य पाट, आक्रसले. सप्टेंबर २०२२ च्या पावसात बेळ्ळंदूर परिसरातील रस्ते व वसाहती पाण्याखाली गेल्या, तेव्हा त्या आपत्तीला 'पूर' हेच नाव मिळाले. वस्तुतः पुष्कळसे पाणी आपला जुना सांडवा शोधीत होते.

पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यावर पूर अनुभवला. तेथे नदी होती, त्या शब्दाला आधार होता. नदीविना शहरात 'पूर' म्हटले की दोष आभाळाकडे जातो. 'सांडवा बुजला' म्हटले की तो माणसाकडे येतो. शब्दकोशात दोन्ही शब्द शेजारी नांदतात, पण त्यांतला कोणता उच्चारावा, हा उत्तरदायित्वाचा प्रश्न आहे.