गोठणगावचे तिबेटी आणि आप्तांच्या वाटेवरील कायदा

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ नोरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ मध्ये ती वसली तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात मोडत असे; गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. साहजिकच तिबेटी व्यवहारात वसाहतीची ओळख अद्याप ‘भंडारा’ या नावाशी जोडलेली आढळते. येथे अर्धे शतक काढलेल्या कुटुंबाला तिबेटात राहिलेला भाऊ वा वृद्ध आई आपल्याजवळ आणायची झाल्यास काय करावे लागते?

ब्रिटन, कॅनडा यांसारख्या देशांत स्थायिक रहिवाशाने अवलंबित नातेवाइकांना बोलावण्याचे स्वतंत्र नियम आहेत. भारतात निर्वासितांसाठी तशी तरतूद नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही आणि देशात निर्वासितविषयक स्वतंत्र कायदाही नाही. कायद्याच्या लेखी तिबेटी व्यक्ती ‘परकीय’च ठरते. पूर्वी १९३९ व १९४६ चे कायदे लागू होते. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांची जागा ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५’ने घेतली. तिबेटींना पासपोर्ट व व्हिसाच्या अटीतून सूट मिळते ती नोंदणी प्रमाणपत्राच्या, म्हणजे ‘आरसी’च्या, आधारे.

नातेवाइकाचा मार्ग नेपाळमधून येतो. २००३ पासून काठमांडूतील भारतीय दूतावासाकडून विशेष प्रवेश परवाना देण्याची पद्धत सुरू झाली. या परवान्यावर येण्याचा हेतू नमूद असतो आणि खरी मेख तेथेच आहे. तीर्थयात्रेसाठी आलेल्यास ठरावीक मुदतीनंतर परतावे लागते. दीर्घ वास्तव्याची वाट शिक्षण वा अन्य कारणांसाठी दिलेल्या परवान्यातून निघते. ‘कुटुंबाशी पुनर्मीलन’ हा हक्क म्हणून मागण्याची सोय नाही. शिवाय २००८ नंतर चीनने सीमेवरील पहारा कडक केल्याने येणाऱ्यांची संख्याच पूर्वीच्या मानाने अत्यल्प झाली. त्यामुळे नियम कितीही उदार असले तरी माणूस काठमांडूपर्यंत पोहोचणार कसा, हा प्रश्न उरतोच.

भारतात जन्मलेल्यांची गोष्ट निराळी. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, पालक कोणत्याही देशाचे असले तरी, जन्माने भारतीय नागरिक ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० व २०१६ च्या निर्णयांत हे तिबेटींनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. मात्र २०१७ मध्ये पासपोर्टसाठी अटी घालण्यात आल्या : आरसी परत करणे, तिबेटी वसाहतीत न राहणे, वसाहतीच्या सवलती सोडणे. वडील नागरिक आणि त्यांच्या वृद्ध मातेकडे आरसी, अशा घरात या अटीचा अर्थ घर मोडणे असाच होतो. पासपोर्टचा हक्क असूनही अर्ज न करणारे म्हणूनच समजण्यासारखे आहेत.

१ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांसाठी आई-वडिलांपैकी एक भारतीय नागरिक असणे आवश्यक ठरले. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक अवैध स्थलांतरित नसावा, ही अटही जोडली गेली. भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्यास सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीद्वारे नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो.