बायकांचा डबा आणि इंजिनाची खोली

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढल्याच वर्षी रूळ कल्याणला जाऊन भिडले, हा वृत्तान्त ठाणे जिल्ह्यातील शाळकरी मुलासही मुखोद्गत असतो. परंतु त्या गाडीत बसणारी स्त्री आणि ती गाडी हाकणारी स्त्री यांच्यामध्ये सव्वाशेहून अधिक वर्षांचे जे अंतर पडले, त्याचा उच्चार क्वचितच होतो.

स्त्री ही रक्षणीय उतारू आहे, एवढे रेल्वेखात्याने ओळखले होते व तिच्यासाठी निराळ्या डब्याचा बंदोबस्तही केला होता. पुढे मुंबईतील जागा परवडेनाशा झाल्यावर मध्यमवर्गीय कुटुंबे डोंबिवली-कल्याणास येऊन राहिली, त्यांच्या सुना-लेकी बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत रुजू झाल्या, आणि तो डबा अपुरा पडू लागला. मे १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली मार्गावर संपूर्ण गाडीच स्त्रियांसाठी सोडली. मागोमाग १ जुलैपासून व्ही. टी.-कल्याण ‘लेडीज स्पेशल’ धावू लागली.

संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये ठाणे मागे पडले, की कोणी पिशवीतून मेथीची जुडी काढून मांडीवर निवडू लागते, डोंबिवली जवळ येईपर्यंत पाने एका पिशवीत व देठ कागदात गेलेले असतात, आणि तिथे उतरणारी आपली जागा आधीच कबूल केलेल्या मैत्रिणीच्या हवाली करते. या दृश्याचे आपल्याकडे कौतुक फार. मला मात्र त्यात घरी बसलेल्या पुरुषाची वाचलेली मेहनतच अधिक दिसते.

आता गाडी हाकणाऱ्या स्त्रीकडे वळू. सातारा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या आणि कऱ्हाडास विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या सुरेखा यादव या कल्याणच्या रेल्वे प्रशिक्षण केंद्रात शिकून १९८९ मध्ये साहाय्यक चालक झाल्या. वाडीबंदर-कल्याण मालगाडीपासून त्यांची उमेदवारी सुरू झाली. २००० साली उपनगरी गाडी त्यांच्या हाती आली, आणि ८ मार्च २०११ रोजी पुण्याहून मुंबईस येणारी ‘डेक्कन क्वीन’ त्यांनी बोरघाटातून उतरवून आणली. आशियातील पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचे सत्कार झाले, ते यथोचितच होते.

तथापि हुद्दा देणाऱ्या खात्याने इंजिनाची खोली मात्र होती तशीच ठेवली. पुरुषाच्या शरीराचा हिशेब धरून बांधलेल्या त्या खोलीत शौचालयाची तरतूद नव्हती. पुरुषांनी ती अडचण सिग्नलला गाडी थांबल्यावर रुळाकाठी निस्तरली, म्हणून ती अडचण आहे असे कोणाच्या दप्तरी लागलेच नाही. कामावर निघण्यापूर्वी पाणी बेताने पिणे, हा स्त्रीचालकांच्या नोकरीचा अलिखित भागच होऊन बसला. सुरेखाबाई सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या, तोपर्यंत काही इंजिनांत ही सोय होऊ लागली होती. आणि आता तिचा लाभ पुरुष चालकही विनातक्रार घेतात.