काळी, पांढरी आणि घराचा पाया

दख्खनच्या पठारावरील गावाचे दोन भाग पूर्वापार मानले गेले आहेत : जी पिकते आणि जिच्यावर सारा बसतो ती काळी, आणि जिच्यावर माणसे घरे करून राहतात ती पांढरी. मराठेशाहीतील महजरांत व निवाडपत्रांत पाटील-कुलकर्ण्यांच्या जोडीने ‘समस्त पांढरी’ येते, ती ही वस्तीच होय. या विभागणीकडे महसुलाच्या अंगाने पुष्कळ विद्वानांनी पाहिले आहे. परंतु तीच गवंड्याच्या नजरेने पाहिली, तर ज्या जमिनीत जोंधळा आणि कापूस उत्तम येतो तिच्यावर भिंत उभी करू नये, हा इमारतविद्येतील एक फार जुना निर्णय तीत नोंदलेला आहे, असे मला वाटते.

हा निर्णय अकारण नव्हता. काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की माती फुगते, आणि ते निघून गेले की आक्रसते. अशा जमिनीवर उथळ पाया घालून बांधलेल्या एकमजली घराची भिंत वैशाखात पाहावी : खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकस वर गेलेल्या चिरेत रुपया उभा जातो, आणि श्रावणात त्याच चिरेत नखही शिरत नाही. घराच्या मध्यभागाखालची माती छपराच्या आडोशाने बारमाही सारखीच ओलसर राहते, कडेची मात्र ऋतूप्रमाणे सुकते व भिजते, आणि या दोहोंच्या ओढाताणीत भिंत तडकते. विशेष हे की, या व्याधीची बाधा भारी इमारतीपेक्षा हलक्या घराला अधिक होते. कारण मातीच्या फुगण्याचा जोर दाबून धरण्याइतके वजनच त्या घराला नसते.

जुन्या गावांनी या संकटाशी झुंज न घेता त्याला वळसा घातला. नदीकाठच्या उंचवट्यावर किंवा मुरमाड माळावर वस्ती बसली, आणि घरे पडत, पुन्हा उभी राहत, त्यांची माती, चुलीची राख व भाजक्या मातीचे तुकडे थरावर थर साचत गेले. प्रवरेकाठचे नेवासे व जोर्वे, किंवा घोड नदीवरचे इनामगाव, येथील अशाच टेकाडांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांना तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती सापडली. राख आणि चुना यांच्या मिश्रणाने काळ्या मातीचा फुगण्याचा स्वभाव पुष्कळसा मोडतो, ही गोष्ट आजचे मृत्तिकाशास्त्रही सांगते. तेव्हा पिढ्यानुपिढ्यांच्या वस्तीने आपल्या पायाखालची जमीनच हळूहळू सुधारून घेतली, असे म्हणण्यास हरकत नाही.

कसब्यातील सधन माणसाच्या वाड्याचा पाया मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खणला जाई, घडीव दगडाचे जोते त्यावर उठे, आणि जोत्यावरील प्रत्येक लाकडी खांबाखाली दगडी तळखडा बसे. माळ्याचा भार तुळयांवरून खांबांवर, खांबांवरून तळखड्यांवर उतरे. खांबांमधली भिंत बव्हंशी आडोशापुरती असे. त्यामुळे एखादा खांब बोटभर खचला, तरी लाकडी सांगाडा ते सहन करी आणि सुतार पाचर ठोकून तो पुन्हा सावरी. ही लवचिकता पुढे आलेल्या, चारही बाजूंच्या भिंतींवरच भार घेणाऱ्या बंगल्याला मिळाली नाही.

1854 मध्ये डलहौसीच्या अमदानीत सार्वजनिक बांधकाम खाते स्वतंत्र झाले, आणि पुढील काळात सडका, कचेऱ्या, शाळा व रेल्वेचे बंगले गावठाणाची वेस ओलांडून बाहेर पडले. आखणी नकाशावर होऊ लागली, आणि सरळ रेषा काळीत शिरली की काळीतही बांधावे लागे. मुरूम दोन-तीन हातांवर असेल तोवर खणून निभत असे. परंतु पूर्णेच्या खोऱ्यासारख्या ठिकाणी, जेथे माती फार खोल आहे, तेथे छोट्या घरासाठी तितके खणणे परवडणारे नव्हते.

त्यावर समाधानकारक उपाय निघाला तो स्वातंत्र्यानंतर. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर कंद असलेल्या काँक्रीटच्या खुंटांची पद्धत विकसित केली. हातगिरमिटाने सुमारे साडेतीन मीटर खोल, म्हणजे ऋतुमानाचा फेरफार जेमतेम पोहोचतो तेथवर, भोक पाडायचे, तळाशी ते खुंटाच्या व्यासाच्या अडीचपट रुंदावायचे, आणि वर ज्या तुळयांवर भिंत उभी राहते त्यांच्या खाली चार बोटे मोकळी जागा ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी ती तुळईला उचलीत नाही, आणि खुंटाला वर ओढू लागली तर तळचा कंद त्याला धरून ठेवतो. इतक्या थोड्या सामानात गरिबाच्या घराला इतकी निश्चिंती देणारी दुसरी युक्ती मला ठाऊक नाही.

मुंबईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक कट्टी यांनी वेगळ्या दिशेने विचार केला. न फुगणाऱ्या परंतु चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे मीटरभर थर वर दिला, तर खालच्या काळीचा जोर आटोक्यात राहतो, असे त्यांनी प्रयोगांनी दाखविले, आणि कालव्यांच्या कामांत त्याचा उपयोग झाला. या कामाला योग्य असा मुरूम आपल्याकडे ठिकठिकाणी मिळतो. मात्र तो थराथराने पसरून, प्रत्येक थरावर पाणी मारून, धुमसाने ठोकूनच भरावा लागतो. मुरमाच्या नावाखाली पडक्या घराचा राडारोडा खड्ड्यात लोटला, तर पहिल्याच पावसाचे पाणी त्यातून थेट काळीपर्यंत उतरते.